कुठल्या पिंपळगावचा रखमाजी

बिभीषण पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा राहिला, तेव्हाच आशाबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

बिभीषण हा त्यांचा माहेरचा भाचा, चुलतभावाचा मुलगा. कुंभार पिंपळगावहून इकडे हसनाबादच्या बाजूला यायचं तर जालन्यात गाडी बदलावी लागते, सगळा दिवस मोडतो. आजवर तो फक्त लग्नपत्रिका द्यायला नाहीतर मयतीला आला होता. आज लग्न नव्हतं, मयत नव्हती, आणि पेढे होते.

"कुणाला काही झालं का रे?"

"न्हाई आत्या. तसं काई न्हाई."

"मंग पेढे कशाचे?"

"आता मोकळ्या हातानं यावं का माणसानं?"

"इतक्या बारी आल्तास तवा मोकळाच आल्तास की."

आशाबाईंचा मुलगा राधाकिसन ओसरीवर मेंढरांसाठी हरभऱ्याचं भुसकट चाळत होता. तो गालातल्या गालात हसला. बिभीषणनं मात्र हसण्यावारी नेलं नाही. तो आत्याच्या जवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आत्या, थोरले आबा सापडले. तुझे वडील."

"कुठं सापडले?" आशाबाईंनी विचारलं, जणू कळपातलं एखादं मेंढरू मागं राहिलं होतं.

"इटलीत."

"जिते?"

"आत्या, आता शंभराच्या वर वय झालं असतं त्यांचं…"

"जिते का मेलेले, एवढंच इचारलं."

"मेलेले. कबर हाय तिथं."

"मंग सापडले कसं म्हणतो? मेलेलं माणूस सापडत न्हाई. मेलेलं कळतं." त्यांनी पेढ्यांचा पुडा न उघडता कोनाड्यात ठेवून दिला.

बिभीषणनं मोबाईलवर एक फोटो दाखवला, त्याच्या मुलानं, बबलूनं, शोधून काढलेला. पांढरा उभा दगड, वरच्या अंगाला ॐ कोरलेला, त्याखाली इंग्रजी अक्षरं. असे दगड रांगेनं मांडलेले, आणि सगळीकडे हिरवंगार गवत. आशाबाईंनी फोन डोळ्यांपासून लांब धरून पाहिला.

"एवढं गवत हाय, आन एक बी मेंढरू न्हाई?"

"आत्या, ती लढाईतल्या लोकांची जागा हाय. तिथं चारत न्हाईत."

"मंग इतकं बारीक कुणी खाल्लं?"

"मशिननं कापतात."

"मशिननं," आशाबाई म्हणाल्या आणि फोन परत दिला. मशिननं गवत कापून जे लोक ते कुणालाच चारत नाहीत, त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायला त्या तयार नव्हत्या.

त्यांचा स्वभाव असा का, हे बाजारात विचारलं तर कुणीही सांगेल. नवरा गेल्यावर राधाकिसन लहान असताना त्यांनी एकटीनं मेंढरं सांभाळली आणि बाजारात पुरुषांच्या घोळक्यात उभं राहून विकली, विकत घेतली. बाजाराच्या सकाळी मीठ चारून, पाणी पाजून पोट फुगवलेलं मेंढरू त्या लांबून ओळखायच्या. व्यापारी दोनदाती, म्हणजे वयानं कोवळं, म्हणाला की त्या स्वतः ओठ वर करून दात बघायच्या, मग पाठीच्या कण्यावर बोटं दाबायच्या. व्यापारी वैतागून म्हणायचे, "म्हातारे, तू सोताच्या पोराला बी दात बघूनच घरात घेतलं असशील." त्या म्हणायच्या, "त्याला दात नव्हते, म्हणून घेतलं."

पण हा संशय बाजारात शिकलेला नव्हता. तो आईकडून आला होता.

त्यांचा बाप रखमाजी दुसऱ्या महायुद्धात पलटणीत भरती होऊन गेला तेव्हा आशाबाई आईच्या पोटात होत्या. बाप त्यांनी पाहिला नाही. लढाई संपल्यावर त्याच पलटणीतला एक माणूस पिंपळगावात आला आणि ओसरीवर बसून म्हणाला, रखमाजी तिकडे गेला, नदीपाशी. आतून दाराआडून सगुणाबाईनं, रखमाजीच्या बायकोनं, विचारलं, "तुम्ही पाह्यला का?" त्यानं पाहिला नव्हता. तो तेव्हा दवाखान्यात होता. त्यानं ऐकलं होतं. "मंग ज्यानं पाह्यला त्याला धाडा," सगुणाबाई म्हणाली.

तसा कुणी आला नाही. सगुणाबाईनं कुंकू पुसलं नाही, बांगड्या फोडल्या नाहीत. वटसावित्रीला ती सूत गुंडाळायला गेली की बाकीच्या बायका जरा बाजूला सरकायच्या. गावात काही म्हणायचे, हिचं डोकं फिरलं. काही म्हणायचे, रखमाजीनं तिकडे गोरी मडम ठेवली, तो कशाला येतो? ही दुसरी गोष्ट सगुणाबाईला जास्त चालत होती. मडम असली तरी कुंकू राहत होतं.

आशाबाई लहानपणी या गोष्टीवरून मारामाऱ्या करून घरी यायच्या. पुढे स्वतःचा नवरा गेला त्या दिवशी त्यांनी स्वतःचं कुंकू पुसलं, तेव्हा ते कसं असतं हे कळलं. आणि सगुणाबाई गेली तेव्हा माहेरच्या बायका पांढरं लुगडं घेऊन आल्या, तर आशाबाई दारात आडव्या झाल्या. त्यांनी आपल्या हातानं आईला हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं, ओटी भरली. "कुणी पाह्यलंय माझ्या बापाला मेलेलं? त्यानं पुढं यावं," असं त्या अंगणात उभं राहून म्हणाल्या. कुणी पुढं आलं नाही. बिभीषण तेव्हा विशीतला होता, त्यानं खांदा दिला होता.

आणि आज तोच बिभीषण बाप मेल्याचा दगड घेऊन आला होता. दगड खरा असेल, तर आईचं पन्नास वर्षांचं कुंकू खोटं ठरत होतं. आणि शेवटचं कुंकू तर आशाबाईंनीच लावलं होतं.

"तुला घेऊन जायचं ठरवलंय आत्या," बिभीषण म्हणाला. "सगळा खर्चा माझा. म्हातारपणी एकदा बापाच्या पायाशी जाऊन ये."

आशाबाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. बकऱ्याला एकाएकी चांगला चारा सुरू झाला की त्या असंच बघायच्या.

*

पहिला संशय जमिनीचा. सगुणाबाईच्या वाट्याचा तुकडा माहेरीच राहिला होता. त्यांनी राधाकिसनला गुपचूप तलाठ्याकडे पाठवलं. तो दिवसभर हिंडून आला आणि म्हणाला, "आई, तसं काई न्हाई. तो तुकडा कवाच बराबर त्यांच्या नावावर झालाय. तूच सही दिल्ती."

म्हणजे जमीन नव्हती. यानं जीव थंड व्हायला हवा होता, उलट त्यांची झोप उडाली. जमिनीपायी माणूस गोड बोलतो हे समजण्यासारखं आहे. कशापायीच नसताना जो गोड बोलतो त्याचं काय करायचं?

नात अर्पिता जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. बिया ओल्या कागदात गुंडाळून ठेवायच्या, किती उगवतात ते बघायचं आणि मगच पोत्यावर शिक्का मारू द्यायचा, हे तिचं काम. घरात आशाबाईंचं सगळ्यात जास्त पटायचं ते तिच्याशी, कारण तीही पाकिटावरच्या चित्रावर जायची नाही.

तिनं त्या दगडाची माहिती स्वतः तपासली. "आजी, तीन गोष्टी आहेत बघ. नाव रखमाजी. पलटण तीच, पणजोबांची. आणि गाव पिंपळगाव, हैदराबाद संस्थान."

"पिंपळगाव? कुठलं?"

"तेवढंच लिहिलंय."

"आगं, एका आपल्या जिल्ह्यात पिंपळगावं मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरायची न्हाईत. निजामाच्या राज्यात किती असतील? आन परत्येक पिंपळगावात एक तरी रखमाजी असणारच. आन आपल्यात तर जाळतात. हा पुरलेला."

"लढाईत लाकडं कुठून आणणार?"

"हे बिभीषण बी म्हणला. तुमचं ठरलंय का दोघांचं?"

अर्पिता हसायची थांबली. आजी खरोखर विचारत होती. "माझं काही ठरलेलं नाही," ती म्हणाली. "खरं असेल असं वाटतंय, पण खात्री नाही. गेल्याशिवाय कळणार नाही."

हे उत्तर आशाबाईंना जरा बरं वाटलं. पासपोर्टपुरती त्यांनी मान हलवली. पासपोर्ट काढला म्हणजे गेलंच पाहिजे असं नाही, हे अर्पिताकडून तीनतीनदा वदवून घेतलं. संभाजीनगरच्या ऑफिसात बोटं काचेवर ठेवायला सांगितली तेव्हा त्यांनी हात पदराखाली घेतला. "अंगठा दिला की शेत जातं, एवढं मला ठाऊक हाय." अर्पितानं समजूत घातली. मग मशीनला बोटंच उमटेनात, लोकर कातरून आणि दोर वळून ती गुळगुळीत झाली होती. काचेपलीकडची मुलगी परत परत पुसून बघत होती आणि आशाबाईंना मनातून समाधान वाटत होतं. शेवटी कशीबशी उमटली.

*

मग पोलिस चौकशी आली. हवालदार धर्मराज दुपारी मोटारसायकलवर आला. त्या दिवशी नेमका बिभीषणही हजर होता, कारण चौकशी कधी येते याची वाट राधाकिसनपेक्षा तोच जास्त बघत होता. अर्पिता सुट्टी काढून आली होती. हवालदाराला खुर्ची दिली, चहा दिला.

"हं आजी, कुठं निघालात?"

"इटली."

"अरे वा. काय काम काढलं?"

अर्पितानं उत्तर शिकवून ठेवलं होतं, पण "कबर" हा शब्द आशाबाईंच्या तोंडून निघेना. तो एकदा म्हटला की म्हटला. "बापाला भेटायला," त्या म्हणाल्या.

हवालदाराची बशी ओठांशी थांबली. "तुमचं वय?"

"एक्क्याऐंशी लिवलंय."

"आन वडलांचं?"

"लावा की हिशोब. मी तर पाह्यलेलं न्हाई त्यांना."

"तिथं काय करतात ते?"

"तेच बघाया चालले."

धर्मराजनं बशी खाली ठेवली. त्यानं नोकरीत बरंच काही पाहिलं असावं, पण हे नव्हतं. तो पुढं वाकून हळू आवाजात म्हणाला, "आजी, खरं सांगा. कोण नेऊन राह्यलंय तुम्हाला? एजंट हाय का कुणी? आजकाल म्हाताऱ्या माणसांच्या बॅगेत काय बी घालून पाठवतात."

आशाबाईंनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. इतक्या दिवसांत आपल्यासारखा विचार करणारा हा पहिला माणूस भेटला होता. त्यांनी बोट दाखवलं. "हा नेऊन राह्यलाय. माझा भाचा. मी बी हेच इचारून राह्यले, कशापाई? तुम्ही इचारा, तुम्हाला सांगंल."

धर्मराज वळला. "काय हो, तुमचं काय काम तिथं?"

"साहेब, ते वारलेत. लढाईत. त्यांची कबर हाय तिकडं, म्हणून—"

"तू पाह्यली?" आशाबाई म्हणाल्या.

"आजी, जरा थांबा. मला इचारू द्या." हवालदाराला आता रंग चढला होता. "तुमचे कोण लागतात?"

"आजोबांचे थोरले भाऊ."

"म्हणजे सख्खे न्हाईत. तिकीट कोण काढणार?"

"मी."

"दोघांचं?"

"हां."

"लेकीला न्यायचं म्हणावं तर लेक म्हणती बाप जिता हाय. आन तुम्ही पदरचा खर्चा करून राह्यलात. तुमचा फायदा काय यात?"

"फायदा कसला साहेब…" बिभीषणनं उपरण्यानं मान पुसली. त्यानं राधाकिसनकडे पाहिलं, राधाकिसन शेळीच्या दाव्याकडे बघत होता. "टाक बसवायचाय," बिभीषण एकदम म्हणाला. "तिच्या हातानं. तिच्याबिगर बसत न्हाई. झालं?"



घरातलं गेलेलं माणूस चांदीच्या पत्र्यावर ठसवून देव्हाऱ्यात ठेवतात, तो टाक. लढाईत गेलेला असेल तर तो वीर, घोड्यावर बसलेला, हातात भाला. रखमाजीचा टाक पिंपळगावच्या देव्हाऱ्यात नव्हता. सगुणाबाई जिवंत असेतो कुणाची हिंमत झाली नाही आणि नंतर विषय मागं पडला. आता बिभीषणच्या सुनेला, रेणुकाला, दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा टिकलं नाही. देवऋषीनं सांगितलं, तुमच्या घरचा वीर दाराबाहेर ताटकळलाय, त्याला आत घ्या. तो पडला तिथली माती पाहिजे आणि त्याच्या पोटच्या लेकराचा हात पाहिजे. पोटचं लेकरू म्हणजे एकटी आशाबाई.

बिभीषण हे सगळं खाली बघत सांगत होता. "तुला सांगितलं असतं तर तू आली असतीस का आत्या?"

आशाबाई उठून आत गेल्या. जमिनीचं असतं तर त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. पण हे वेगळं होतं. ज्या दिवशी तो वीर देव्हाऱ्यात बसेल त्या दिवशी सगुणाबाई विधवा होणार होती, जाळून इतकी वर्षं झाल्यावर, आणि तेही पोटच्या लेकीच्या हातानं.

बाहेर धर्मराज अवघडून विचारत होता, "मंग मी काय लिहू?"

"पर्यटन लिहा," अर्पिता म्हणाली.

*

पुढचे बरेच दिवस आशाबाई त्या विषयावर बोलल्या नाहीत. पासपोर्ट आला, तो त्यांनी उघडून फोटो बघितला आणि "ही कोण म्हातारी" म्हणून ट्रंकेत टाकला. मग एका रविवारी अर्पिताला म्हणाल्या, "चल, पिंपळगावला. त्याला फोन करू नको."

"का?"

"फोन केल्यावर घर झाडून ठेवतात."

दोघी पोचल्या तेव्हा बिभीषण बाजारात गेला होता. घरी रेणुका एकटीच मेथी निवडत होती. ती गडबडून उठली, पाया पडली, पाणी दिलं. आशाबाई पाणी पिऊन सरळ देव्हाऱ्याकडे गेल्या. झिजून नाकडोळे गेलेले जुने टाक ओळीत होते. त्यांच्या मागं फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. त्यांनी फडकं सोडलं. कोरा करकरीत टाक, घोडा, वर एक मिशाळ माणूस.

"आधीच करून आणला," त्या म्हणाल्या. "बघ अर्पे. ह्याचं जायच्या आधीच पक्कं झालंय."

"मामंजींनी दिवाळीतच आणला," रेणुका दारातून म्हणाली. "आजी, एक बोलू का? माझ्यापाई जाऊ नका तुम्ही. मला थायरॉइड निघालाय, गोळ्या चालू हायेत. डॉक्टर म्हणल्या, होईल सगळं बराबर. मामंजींना सांगितलं तर म्हणतात, गोळ्या बी घे आन टाक बी बसवू."

आशाबाई देव्हाऱ्यासमोरच बसल्या. ही पोरगी खरं बोलत होती की सासऱ्यानं पढवून ठेवली होती, हे त्यांनी तिच्या चेहऱ्यावर शोधलं. सासऱ्यानं पढवली असती तर "जाऊ नका" म्हणाली नसती. त्यांनी तिला जवळ बसायला सांगितलं.

"तुला काय वाटतं गं? मेला असंल का माझा बाप?"

रेणुकानं जरा विचार केला. "मला वाटतं, मेलेच असावेत."

"का?" आशाबाईंचा आवाज धारदार झाला. "तू काय पाह्यलंस?"

"पाह्यलं काहीच न्हाई आजी. पण मेले असतील तर त्यांना येता आलं न्हाई. जिते असतील तर…" ती थांबली, मेथीची एक काडी मोडत म्हणाली, "तर मंग ते आले न्हाईत."

अर्पिताला वाटलं, आजी आता हिला झाडणार. पण आजी नुसत्याच बसून राहिल्या, तोंड किंचित उघडं. लहानपणापासून त्यांनी आईचं कुंकू राखलं होतं. गावाशी भांडून, भावकीशी भांडून, आईच्या तिरडीपाशी उभं राहून राखलं होतं. आणि त्या कुंकवाचा दुसरा अर्थ त्यांनी कधी उलटून पाहिला नव्हता. ते कुंकू खरं, तर बाप हरामखोर. पोटुशी बायको टाकून मडमेपाशी बसलेला. आईला सवाष्ण ठेवायची म्हणून त्यांनी बापाला जन्मभर पळपुटा करून ठेवला होता. मेंढराचा एक दात न बघता कधी व्यवहार केला नाही, आणि हा एवढा मोठा व्यवहार त्यांनी आईच्या शब्दावर आंधळेपणानं केला होता.

आईला हे ठाऊक असावं का? दाराआडून प्रश्न विचारताना ठाऊक असावं का? पहिल्यांदाच त्यांना आईचाही संशय आला.

बिभीषण पिशवी घेऊन आत आला आणि आत्याला बघून उंबऱ्यावरच थांबला. मग त्याची नजर सोडलेल्या फडक्यावर गेली.

"आत्या, मी सांगणारच होतो—"

"बस खाली. तिकिटं काढ."

"खरंच?" तो पिशवीसकट बसला. "कवाची काढू?"

"तिघींची काढ. मी, अर्पिता आन ही."

"आन मी?"

"तू कशाला? तू तर आधीच चांदी घेऊन बसलाय. दगड कुणाचा बी असू दे, तू माती भरून घेशील आन म्हणशील हेच ते. मला बघणारी माणसं पाहिजेत, बसवणारं न्हाई. अर्पितानं तिथल्या लोकांना इचारायचं, कुठलं पिंपळगाव, कुणी पुरला, कुणी पाह्यला. आन ही माझ्याजवळ राहील."

"आत्या, सुनेला एकटीला परदेशात… लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मला नको सांगू. मी सगुणाबाईची लेक हाय."

रेणुका मेथीकडे बघत होती, पण तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बिभीषणनं एकदा सुनेकडे, एकदा देव्हाऱ्याकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला. "पण खरं निघालं तर टाक बसवायचा ना?"

"खरं निघालं तर बसंल. आन त्याच्या बाजूला माझ्या आईचा बी बसंल, कुंकवाचं बोट लावून. ती सवाष्ण गेली. जाळलेल्या माणसाचं कुंकू पुसता येत न्हाई, तुला काय, देवऋषीला बी न्हाई. कबूल असंल तर बोल."

बिभीषणनं मान हलवली. आशाबाईंनी त्याला तोंडानं "कबूल" म्हणायला लावलं, दोन बायकांच्या साक्षीनं.

संध्याकाळी दोघी फाट्यावर जालन्याच्या गाडीची वाट बघत उभ्या होत्या. अर्पितानं शेवटी विचारलं, "आजी, तो दगड आपला नाही निघाला तर?"

"मंग तिथल्या म्हाताऱ्यांची तोंडं बघत हिंडू. एखादा माझ्यासारख्या नाकाचा दिसला तर दोन मुस्कटात देऊ."

"आणि आपलाच निघाला तर?"

गाडी लांबून दिसली. तिची पाटी वाचता येत नव्हती, तरी आशाबाई डोळे बारीक करून ती जालन्याचीच आहे का ते बघत राहिल्या.

"निघाला तर रडीन," त्या म्हणाल्या. "बापासाठी रडायचं राह्यलंय माझं. आई असताना रडता येत नव्हतं."

मग त्यांनी अर्पिताचा दंड धरला आणि गाडी थांबायच्या आधीच कंडक्टरला ओरडून विचारलं, ही जालन्याला जाती का नुसती पाटी लावली हाय.